लाडकीमावशीचं बोरान

मी कॅरमची पावडर ताकात घालून प्यालो. सकाळी, उपाशीपोटी, अर्धा चमचा, असं तीन दिवस. कुणी बळजबरी केली नव्हती, कुणाशी पैज लागली नव्हती. वय सत्तेचाळीस होतं, पदवी कॉमर्सची होती, आणि डब्यावर 'खाण्यासाठी नाही' असं लाल अक्षरांत लिहिलेलं मी चष्मा लावून वाचलंही होतं. वाचून मला वाटलं, हे बाकीच्यांसाठी असेल.

चौथ्या दिवशी काय झालं ते सांगतो, पण आधी लाडकीमावशी सांगितली पाहिजे. कारण ती पावडर तिच्या बोर्डावरची होती, आणि बोरॉन हा शब्दही मी पहिल्यांदा तिच्याच तोंडून ऐकला. ती 'बोरान' म्हणायची. तिनं म्हटलं की ते एखाद्या पाड्याचं नाव वाटायचं. वडप्याच्या पुढे डोंगराकडे वळावं, ओढा ओलांडावा, की आलंच बोरान.

भिवंडीत, टेमघरला आमच्या मागच्या गल्लीत, एका कापडाच्या लूमच्या शेडला पाठ लावून तिची एक खोली होती. भिंतीपलीकडे दिवसभर लूम चालायचे, आणि इकडे तिच्या फळीवरची स्टीलची भांडी बारीक आवाजात गुणगुणायची. खिडकीतून कापसाची तूस यायची. दुपारच्या उन्हात ती इतकी हळू खाली उतरायची की बघता बघता माणसाला पेंग यावी. मावशी भिंतीला टेकून त्या तुशीकडे पाहत बसायची. म्हणायची, "आमच्या डोंगरावर सकाळचं धुकं असंच असतं. तितं ते वल्लं, हितं सुकं." लूम चालू असले की तिला गाढ झोप लागायची. लाइट गेली आणि गल्ली एकदम गप्प झाली की दचकून उठायची आणि विचारायची, "काय झालं रं?"

ती वारल्यांची, डोंगरावरच्या पाड्यातली. एकोणिसाव्या वर्षी खाली आली ती माती तपासायच्या सरकारी प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला. रोजंदारीवर लागली, पुढे कायम झाली, आणि निवृत्त होईपर्यंत तिथल्या साहेबांना रंग बघायचा असला की आधी मावशीला हाक जायची. कुठला पिवळा फिकट आणि कुठला पिवळा खोटा, हे तिला लांबून कळायचं. माणसांकडेही ती तशीच बघायची. मी पहिल्यांदा तिच्या खोलीत गेलो तेव्हा तिनं माझं नाव विचारलं नाही. माझी नखं पाहिली, पापणी खाली ओढून डोळा पाहिला आणि म्हणाली, "पानी कमी पितोस, बोलतोस जास्त."

चहा ती फक्त स्टीलच्या पेल्यात प्यायची. हॉटेलवाल्यानं काचेच्या ग्लासात पाठवला तर तो आधी पेल्यात ओतायचा आणि ग्लास उंबऱ्याबाहेर ठेवायचा. मला वाटायचं हा सोवळ्याचा काहीतरी प्रकार असेल. एकदा विचारलं तर म्हणाली, "काच खोटी साक्ष देती."

त्याचं असं झालं होतं. प्रयोगशाळेत एक नवे साहेब आले. तरुण, शिकलेले, टापटिपीचे. त्यांना तिथल्या प्लॅस्टिकच्या जुनाट बाटल्यांची लाज वाटली. त्यांनी नव्याकोऱ्या, उन्हात चमकणाऱ्या काचेच्या नळ्या मागवल्या. त्या हंगामात जी जी माती तपासली तिच्यात बोरॉन भरपूर निघालं. साहेब खूश. रिपोर्ट छापायला जाणार होते. मावशी मात्र कोड्यात पडली. तिच्या डोंगरावरची लाल माती दर पावसाळ्यात धुऊन निघते, तिथल्या पपया गाठाळलेल्या, वेड्यावाकड्या येतात, बोरॉन कमी पडल्यावर येतात तशा. मग हे बोरान आलं कुठून? तिनं काय केलं, नुसतं शुद्ध पाणी त्या नळीत घेतलं, उकळलं आणि तपासलं. पाण्यातही बोरॉन. तपासणीच्या काचेतच ते असतं, गरम पाण्यात थोडं थोडं सुटतं. ती नळी घेऊन ती साहेबांच्या टेबलापाशी गेली.

"साहेब, पान्याच्या शेतात पन बोरान भरपूर हाय."

साहेबांनी नळीकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं. मग उठून स्वतः माळ्यावरच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या काढून आणल्या.

"मग काय म्हणाले?" मी विचारलं.

"काय म्हनतील. च्या पाजला."

"बस?"

"ग्लासात दिला. मी न्हाय प्यायले."

माझ्या बडबडीला कंटाळली की हीच गोष्ट ती माझ्यावर उलटवायची. "तू काच हायेस रं. तुझ्यात काय बी घाला, तू तुझं आपलं मिसळून देतोस."

तिच्याकडचा दुसरा शब्द म्हणजे 'ठाऊक न्हाय'. आपण हा शब्द खाली मान घालून म्हणतो. ती तो ठेवणीतल्या लुगड्यासारखा काढायची, घडी उलगडून, मानानं. तिच्या आयुष्यात एकच प्रश्न होता म्हटलं तरी चालेल, आणि त्याचं उत्तर हेच होतं. तिची आई पन्नाशीच्या आत कमरेत वाकली. आईची बहीण वाकली, आत्या वाकली. लाडकीला सारखं वाटायचं, की मातीत बोरान कमी, म्हणून पपई गाठाळते. मग तीच माती पिढ्यान्‌पिढ्या खाणाऱ्या बाईच्या हाडाचं काय होत असेल? नळीची गोष्ट घडल्यावर धीर करून तिनं ते साहेबांना विचारलं. साहेबांनी हसण्यावारी नेलं नाही. चार-पाच दिवस पुस्तकं काढून बसले आणि मग तिला समोर बसवून सांगितलं. झाडाचं नक्की आहे, बोरॉन नसेल तर झाड जगत नाही. माणसाचं तसं नक्की झालेलं नाही. हाडांना त्याची मदत होते, कॅल्शियम टिकायला हातभार लागतो, असं दिसतं. पण किती लागतं, कमी पडलं तर नेमकं काय बिघडतं, हे कुणी छातीठोक सांगत नाही. शेंगदाणे, वाल, फळं यांतून जे मिळतं ते खात राहावं. आणि बाई, डोक्यावरच्या मोळ्या, पाठोपाठची बाळंतपणं आणि अर्धपोटी झोपणं, यांनीही कंबर वाकतेच.

"येवढा शिकलेला मानूस," मावशी सांगायची, "पन तोंडावर म्हनला, ठाऊक न्हाय. तवापास्न मला त्यो आवडाया लागला."

तेव्हापासून ती रोज संध्याकाळी मूठभर भिजवलेले शेंगदाणे खायची. मी म्हटलं, बोरॉनसाठी ना? तर म्हणाली, "चवीसाठी. बोरानचं त्याचं त्याला ठाऊक."

कॅरम बोर्ड प्रयोगशाळेतलाच. तिथं दुपारच्या सुट्टीत खेळायचे. नवीन बोर्ड आला तेव्हा जुना हिनं मागून घेतला. सुट्टीच्या दिवशी मी खेळायला जायचो आणि हरून यायचो. ती पावडर दोन बोटांच्या चिमटीत घ्यायची, बोर्डावर धरायची आणि हलकी फुंकर मारायची. उन्हाच्या तिरिपेत ती पांढरी भुकटी आणि कापसाची तूस एकमेकांत मिसळून तरंगत राहायची आणि काही क्षण बोर्डाच्या कडा दिसेनाशा व्हायच्या. सोंगट्या धुक्यातल्या माणसांसारख्या.

"ह्यात पन बोरानच हाय," एकदा ती म्हणाली. "चिमटी टाकली तर सोंगटी पळती. मूठ टाकली तर हातच घसरतो. पपईला बी तसंच. जास्त झालं की झाड जळतं."

त्यातलं मी फक्त पहिलं वाक्य लक्षात ठेवलं.

डोंगरावर तिची धाकटी बहीण होती, चिमी. चिमीही वाकलेली, तिला खाली भिवंडीपर्यंत उतरणं जमत नव्हतं, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी मावशीच वर जायची. जाताना पपयांसाठी टाकणखाराच्या बारीक पुड्या करून न्यायची, एका झाडाला एक; त्यातही बोरॉनच. चिमीच्या घराला लागून एक खोली तिनं बांधून घेतली होती. तिथं राहायला जायचं दोघी बहिणींचं ठरलं होतं. मावशी दुपारी अर्धवट पेंगेत त्या खोलीबद्दल बोलायची. दार उगवतीला, समोर पपयांची रांग, खाली धुक्यात बुडालेली भिवंडी, आणि लूमचा आवाज नाही. "मग तुला झोप कशी लागेल?" मी विचारायचो. "चिमी घोरती," ती डोळे मिटून म्हणायची.

जायच्या महिनाभर आधी ती शेडच्या पायरीवर सांडलेल्या तेलावरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं.

ऑपरेशन झालं, आत रॉड घातला. डॉक्टर भले होते, पण स्पष्ट होते. हाडं विरळ झालीत, म्हणाले, घरातल्या घरात वॉकर धरून चालतील, डोंगराचं विसरा. पाड्याला गाडी जात नाही. रस्ता संपतो तिथून तासाभराची पायवाट, मध्ये ओढा, शेवटी उभी चढण. मी म्हटलं, मावशी, डोली करू, चौघं उचलून नेऊ. तिनं मान फिरवली.

"डोलीत मानूस खाली येतो. वर कुनी जात न्हाय. मी माज्या पायानं जाईन, न्हायतर हितंच."

आठवड्यानं भाजी विकायला उतरणाऱ्या बायांबरोबर चिमीचा निरोप आला. तुझ्या खोलीत पेंढा भरायचा का, येतेस का न्हाय ते सांग. मावशीनं उलट निरोप काही दिला नाही. सगळ्यांना 'ठाऊक न्हाय' म्हणणाऱ्या बाईला बहिणीला ते म्हणता येईना. ती वॉकर समोर ठेवून बसून राहायची, आणि तूस तिच्या केसांत साठत जायची.

मला ते बघवेना. आणि मला बघवलं नाही की मी मोबाइल उघडतो. त्यात एक गृहस्थ पांढरा कोट घालून, मागे माशांची काचपेटी ठेवून सांगत होते, की सांधेदुखी, हाडांची झीज, कंबर, गुडघा, सगळ्यांचं मूळ एकच, बोरॉनची कमतरता, आणि हे डॉक्टर लोक तुमच्यापासून लपवतात. मी उडालोच. ज्या प्रश्नावर मावशीच्या साहेबांनी चार दिवस पुस्तकं चाळून हात टेकले, तो यांनी चार मिनिटांत सोडवला होता. शिवाय औषध मावशीच्या घरातच, कॅरमच्या डब्यात. मला त्यात नियतीचा हात दिसला.

तिला देण्याआधी स्वतःवर प्रयोग करायचा एवढं शहाणपण मला होतं. मी कामाला होतो त्या वडप्याच्या गोडाऊनमध्ये काँक्रीटवर दिवसभर उभं राहून माझेही गुडघे बोलायला लागले होते. मोठे शास्त्रज्ञ स्वतःवर प्रयोग करतात हे मी ऐकून होतो. ते आधी शास्त्रज्ञ असतात, हे डोक्यात आलं नाही. मावशी पायाचे व्यायाम करत असताना मी डब्यातली पावडर कागदात बांधली.

पहिल्या दिवशी अंगात जोर आल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी गुडघे अजिबात दुखले नाहीत. त्या दिवशी सुट्टी होती. तिसऱ्या दिवशी पोटात ढवळायला लागलं. माझी समजूत अशी, की जुनी कमतरता बाहेर पडतेय. चौथ्या दिवशी सकाळी मी मावशीसाठी ताक घेऊन गेलो, पावडर घालून, वर जिऱ्याची पूड भुरभुरून. आणि नेलं ते काचेच्या ग्लासात.

ग्लास बघून ती आधी माझ्या तोंडाकडे बघायला लागली. माझं तोंड, मान, तळहात उकडलेल्या कोळंबीसारखे लाल झाले होते. आरशात मला ते तेज वाटलं होतं.

"ह्यात काय हाय?"

"ताकद," मी म्हणालो.

तिनं उशाचं जुनं कॅलेंडर ओढलं. त्याच्या पानांत तिनं हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदाच्या पट्ट्या ठेवलेल्या असायच्या, कशाला ते मी कधी विचारलं नव्हतं. एक पट्टी ताकात बुडवली. संडास धुवायच्या ॲसिडचा एक थेंब तिच्यावर सोडला आणि पट्टी खिडकीत उन्हात धरली. पलीकडे लूम चालू होते, भांडी गुणगुणत होती. माझ्या डोळ्यांपुढे सगळं जरा हलत होतं. त्या हलत्या उन्हात पिवळी पट्टी वाळता वाळता कडेकडेनं तांबूस होत गेली, संध्याकाळ व्हावी तशी. मला ते फार सुंदर वाटलं. चुन्यानं हळद लाल होते हे पोरंही जाणतात. पण आंबटात लाल झाली तर गोष्ट वेगळी. खात्री करायला तिनं चुन्याच्या निवळीचा थेंब टाकला. लालावर हिरवट काळा डाग उमटला.

"बोरान," ती म्हणाली. "किती दिस?"

"तीन."

मावशी उठली. ग्लास लवंडला, ताक जमिनीवर पसरलं. ती दारात गेली, चौकट धरली आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात माझ्या बायकोला हाक मारली. "सुरेखा, रिक्षा बोलव. तुझा नवरा कॅरम खाऊन आलाय."

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. उलट्या, सलाइन, आणि छताच्या पंख्यातून हळूहळू गळणारी पांढरी भुकटी, जी तिथं नव्हती. त्या भुकटीत मावशीच्या पपया दिसायच्या, गाठाळलेल्या, आणि प्रत्येक पपईला माझं तोंड. डॉक्टरांनी विचारलं, कशासाठी खाल्लं? सुरेखा म्हणाली, "कॅरममध्ये सारखे हरतात म्हणून." डॉक्टरांनी ते लिहून घेतलं असावं. म्हणाले, अजून चार दिवस घेतलं असतं तर किडनीवर गेलं असतं. आणि त्या म्हाताऱ्या बाईंना दिलं असतं, तर. पुढचं ते बोलले नाहीत. ते न बोललेलं माझ्या अजून लक्षात आहे. तळहातांची सालं निघत होती, ती सोलत मी दोन दिवस त्याच एका 'तर'पाशी पडून होतो.

घरी आल्यावर तोंड लपवत मावशीकडे गेलो. शिव्या खायची तयारी होती. ती पायरीवर उन्हात बसली होती.

"त्या दिशी मी दारापर्यंत कशी आले?" तिनं विचारलं.

मी आठवायला लागलो. वॉकर खाटेपाशी होता. दार चार पावलांवर.

"ती चार पावलं," मावशी म्हणाली, "वॉकरबिगर."

आम्ही दोघं त्या चार पावलांच्या जागेकडे बघत बसलो. ताकाचा डाग फरशीवर अजून होता. मी हळूच म्हटलं, "म्हणजे माझ्या औषधाचा गुण आलाच म्हणायचा." तिनं बाजूचा वॉकर उचलून माझ्या पायावर ठेवला. अलगद नव्हे.

पण त्या दिवसापासून ती चालायला लागली. त्यात जादू नव्हती. डॉक्टरांच्या कॅल्शियमच्या गोळ्या, सकाळचं ऊन, पायाचे कंटाळवाणे व्यायाम, संध्याकाळचे शेंगदाणे. आधी दारापर्यंत, मग नळापर्यंत, मग गल्लीच्या तोंडाशी चहाच्या टपरीपर्यंत, स्वतःचा पेला घेऊन. पावसाळा गेला. वॉकर जाऊन काठी आली. डॉक्टरांनी हाडाचा फोटो उजेडावर धरून पाहिला, मान हलवली आणि म्हणाले, जा, पण सोबत धडधाकट माणूस न्या. मावशीनं शेजारपाजार नजरेखालून घातला आणि निरुपायानं मला नेलं.

भातकापणी झाली होती. गाडी रस्ता संपेपर्यंत गेली. पुढे धुकं होतं आणि त्यात पायवाट. ओढ्याला पाणी घोट्याएवढं. मावशीनं पाठीला गाठोडं बांधलं होतं, त्यात पेला होता, तो काठीच्या प्रत्येक टेकीला टिणकन वाजायचा. दहा पावलं चालायची, थांबायची, वाकून चिमूटभर माती उचलून बोटांत चोळायची, जणू वाट तीच आहे ना हे विचारून घेत होती. मी तिच्या मागून तिला सावरायला दोन्ही हात पुढे धरून चाललो होतो. तासाचा रस्ता, आमची अख्खी सकाळ गेली. ते दोन हात मी कधी खाली घेतले आणि कधी स्वतःच्या गुडघ्यांवर ठेवले ते कळलं नाही. शेवटच्या उभ्या चढणीला, पाडा हाकेवर असताना, माझे गुडघे संपले. मी एका दगडावर बसलो.

मावशीनं वळून पाहिलं. "बस तू," म्हणाली. "मी जाते फुडं." पुढच्या गल्लीत चालल्यासारखं.

आजही मावशी म्हटलं की मला तेच दिसतं. हिरवं लुगडं, पाठीवर गाठोडं, काठी आधी, मग तो रॉड घातलेला पाय, मग दुसरा. धुक्यानं आधी तिचे पाय घेतले, मग गाठोडं, मग डोकं. ती दिसेनाशी झाली तरी पेला वाजत राहिला. टिण. थांबणं. टिण. मी मोजणार नव्हतो, पण मोजत होतो. मग तो आवाज थांबला. लूम थांबल्यावर गल्लीत पडते तशी शांतता पडली. आणि मग वरून दोन म्हाताऱ्यांचं हसणं ऐकू आलं, एकात एक मिसळलेलं. कुणाचं कुठलं ते सांगता आलं नसतं.

थोड्या वेळानं धुक्यातून एक बाई खाली आली. कमरेत पार वाकलेली. दोन दगड वर थांबली. वाकलेली असल्यानं तिला आधी माझे पाय दिसले, ते तिनं नीट पाहून घेतले, आणि मग मान तिरकी करून माझं तोंड. ही चिमी, हे सांगायची गरज नव्हती.

"लाडकीनं सांगितलं व्हतं, तू डोक्यानं कमी हायेस म्हनून," ती म्हणाली. "पायानं पन कमी हायेस, ते न्हाय बोलली."